सुरुवातीशी तुलना, श्रेय औषधाला : त्वचोपचारांच्या वैद्यकीय चाचण्यांतील दिशाभूल करणाऱ्या मांडणीची समीक्षा

प्रस्तावना

वैद्यकीय संशोधनातील लबाडी म्हटली की बनावट आकडे, न केलेले प्रयोग, कागदोपत्री उभे केलेले रुग्ण अशा गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. असे प्रकार घडतात आणि उघडकीस आल्यावर संबंधित शोधनिबंध मागेही घेतले जातात. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. येथे विचार करावयाचा आहे तो अशा लेखनाचा, ज्यातील एकही आकडा खोटा नसतो, चाचणी खरोखरीच झालेली असते, सहभागी व्यक्तींची रीतसर संमती घेतलेली असते, तज्ज्ञ परीक्षकांनी निबंध वाचून त्याला मान्यता दिलेली असते. आणि तरीही शेवटचे वाक्य वाचून वाचकाची जी समजूत होते, तिला त्याच निबंधातील आकड्यांचा आधार नसतो.

इंग्रजी वैद्यकीय लेखनात या प्रकाराला 'स्पिन' अशी संज्ञा रूढ झाली आहे. मराठीत क्रिकेटमुळे 'फिरकी' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, आणि 'फिरकी घेणे' हा वाक्प्रचारही आहे. दोन्ही अर्थ येथे लागू पडतात. चेंडू तोच असतो, खेळपट्टीही तीच असते. फक्त तो कोठे वळतो हे फलंदाजाला कळत नाही. या लेखात हीच संज्ञा वापरली आहे.

फिरकी सर्वच वैद्यकशाखांत आढळते. तथापि त्वचोपचारांची निवड करण्यामागे काही कारणे आहेत. त्वचा हा उघड्यावरचा अवयव आहे. रुग्ण, वैद्य आणि शेजारी असे तिघेही तिच्याकडे पाहून मत देऊ शकतात, आणि त्या मतालाच बहुधा मापनाचे रूप दिले जाते. रक्तातील साखर यंत्र मोजते. सुरकुती किंवा इसबाची लाली मोजणारा मात्र माणूस असतो. दुसरे असे की, इसब, मुरूम, सोरायसिस हे विकार स्वभावतःच चढ-उताराचे आहेत. रुग्ण चाचणीत दाखल होतो तो बहुधा त्रास वाढलेला असताना, आणि वाढलेला त्रास काही दिवसांनी पुष्कळदा आपोआपच उतरतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. लावण्याच्या औषधाची तुलना ज्या औषधविरहित मलमाशी केली जाते, ते मलम निष्क्रिय नसते. तोंडाने घ्यायच्या गोळीऐवजी साखरेची गोळी दिली तर तिच्यात औषधी गुण नसतो असे मानता येते. पण औषध काढून घेतलेले मलम हेसुद्धा कोरड्या त्वचेला ओलावा देतच असते. त्या आधारद्रव्यानेही त्वचा मऊ होते, खाज कमी होते, बारीक रेषा पुसट दिसतात. 'मलम लावले आणि गुण आला' हे वाक्य अशा वेळी खरे असते, पण तो गुण औषधाचा की नुसत्या स्निग्धतेचा हे त्या वाक्यातून कळत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे कावळ्यालाही थोडे वजन आहे, म्हणून केवळ म्हण सांगून सुटका होत नाही. वजन करावे लागते.

ते वजन करण्याचे साधन म्हणजे यादृच्छिक विभागणी करून केलेली नियंत्रित चाचणी. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे सहभागी व्यक्तींचे दोन गट पाडायचे, एकाला औषधयुक्त मलम आणि दुसऱ्याला केवळ आधारद्रव्य द्यायचे, कोणाला काय मिळाले हे देणाऱ्याला व घेणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही, आणि शेवटी या दोन गटांची एकमेकांशी तुलना करायची. सारा खटाटोप या शेवटच्या तुलनेसाठी असतो. पुढे ज्या निबंधाचे परीक्षण केले आहे, त्यात नेमकी हीच तुलना मागे राहिली.

एक निबंध आणि त्यातील दोन तुलना

ब्रिटनमधील बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या 'नंबर सेव्हन' या प्रसाधनमालिकेतील एका चेहऱ्याला लावण्याच्या द्रव्याला मार्च २००७ मध्ये बीबीसीच्या 'होरायझन' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने मोठी प्रसिद्धी दिली. बाजारातील बहुसंख्य 'वार्धक्यरोधक' प्रसाधनांबाबत साशंक असलेल्या त्या कार्यक्रमात या एका उत्पादनाच्या बाजूने प्रयोगशाळेतील काही पुरावा असल्याचे सांगितले गेले, आणि दुकानांतील साठा हातोहात संपला. त्यानंतर मँचेस्टर विद्यापीठातील त्वचाविज्ञानाच्या गटाने त्याच प्रकारच्या उत्पादनाची रीतसर चाचणी घेतली. रेचेल वॉटसन, ख्रिस्तोफर ग्रिफिथ्स आणि सहकारी यांचा हा निबंध २००९ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी' या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खर्च कंपनीने केला होता, आणि ही गोष्ट लपवलेली नव्हती.

निबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष आहे. वार्धक्यरोधक प्रसाधन उन्हाने जून झालेली त्वचा सुधारते, असे विधान करून पुढे विसर्गचिन्हानंतर 'दुहेरी अंध, यादृच्छिक, नियंत्रित चाचणी' असे म्हटले आहे. शीर्षकाचा पूर्वार्ध दावा करतो आणि उत्तरार्ध त्या दाव्याला प्रतिष्ठा देतो. अशा शीर्षकाचा साधा अर्थ वाचक असाच घेणार की, या चाचणीत उत्पादन वापरणाऱ्यांना ते न वापरणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला.

आता आकडे पाहू. साठ स्वयंसेवकांचे दोन गट होते. सहा महिन्यांनी उत्पादन वापरणाऱ्या गटात चेहऱ्यावरील सुरकुत्यांच्या बाबतीत सुरुवातीच्या तुलनेत झालेली सुधारणा संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थक होती (पी-मूल्य ०.०१३). केवळ आधारद्रव्य वापरणाऱ्या गटातील सुधारणा सार्थक नव्हती (पी-मूल्य ०.११). सुधारणा दिसलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४३ टक्के व दुसऱ्या गटात २२ टक्के असे होते.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. ०.०१३ आणि ०.११ हे दोन आकडे शेजारी ठेवले की डोळ्यांना तुलना झाल्याचा भास होतो. एक 'सार्थक', दुसरा 'असार्थक', म्हणून पहिला दुसऱ्यापेक्षा सरस, असे अनुमान मन आपोआप काढते. वस्तुतः येथे दोन तुलना झाल्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या जोडीदाराशी आहेत. पहिल्या गटाची तुलना त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी, आणि दुसऱ्या गटाची त्याच्या सहा महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी. पहिला आणि दुसरा गट समोरासमोर आलेच नाहीत. ज्या कारणासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडले, ते कारणच विश्लेषणाच्या वेळी बाजूला पडले.

ते गट समोरासमोर आणले तर काय दिसते? प्रत्येक गटात सुमारे तीस व्यक्ती धरून ४३ आणि २२ टक्क्यांची ढोबळ तुलना कोणीही पदवी-अभ्यासक्रमातील विद्यार्थी करू शकेल. फरक २१ टक्क्यांचा आहे. त्याचे पी-मूल्य ०.१ च्या आसपास येते, म्हणजे प्रचलित ०.०५ च्या मर्यादेबाहेर. ९५ टक्के विश्वासाची कक्षा काढली तर ती साधारणपणे उणे २ पासून अधिक ४४ टक्क्यांपर्यंत पसरते. उत्पादनाचा उपयोग मुळीच होत नाही आणि उत्पादनाचा पुष्कळ उपयोग होतो, ही दोन्ही विधाने या आकड्यांशी सुसंगत आहेत. 'सुधारते' हे एकवचनी, निःसंदिग्ध क्रियापद मात्र त्यांच्याशी सुसंगत नाही.

ही त्रुटी प्रथम ठामपणे निदर्शनास आणली ती यॉर्क विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड यांनी, लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या 'सिग्निफिकन्स' या नियतकालिकातून, २००९ मध्येच. पुढे २०११ साली ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी 'ट्रायल्स' या नियतकालिकात या पद्धतीच्या दोषाचे सर्वसाधारण गणित मांडले आणि त्यात हेच उदाहरण घेतले. त्यांचा निष्कर्ष असा की, प्रत्यक्षात दोन उपचारांत काहीही फरक नसला तरी, दोन समान आकाराच्या गटांची आपापल्या सुरुवातीशी स्वतंत्र तुलना करून 'एक सार्थक, एक असार्थक' असा खोटा फरक आढळण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते; गट तीन असतील तर ७५ टक्क्यांपर्यंत.

पाच टक्क्यांची चूक मान्य करणाऱ्या शास्त्रात पन्नास टक्के हा आकडा अविश्वसनीय वाटेल, म्हणून तो उलगडून सांगणे आवश्यक आहे. समजा, दोन्ही गटांना एकच मलम दिले आणि दोन्हीत थोडीबहुत सुधारणा झाली. ती सुधारणा इतपत आहे की तीस जणांच्या गटात ती सुरुवातीशी ताडून पाहिली असता 'सार्थक' ठरण्याची शक्यता निम्मी आहे. मग प्रत्येक गट म्हणजे एक नाणे झाले. दोन नाणी फेकली असता एकावर छापा आणि दुसऱ्यावर काटा पडण्याची शक्यता चारपैकी दोन, म्हणजे निम्मी. त्यातही छापा कोणत्या नाण्यावर पडला यावर बातमी ठरते. उत्पादनाच्या नाण्यावर पडला तर निबंध लिहिला जातो. आधारद्रव्याच्या नाण्यावर पडला तर 'अधिक संशोधनाची आवश्यकता आहे' असे म्हटले जाते, अथवा काहीच म्हटले जात नाही.

निबंधाचा पुढचा टप्पा याहून विचार करण्यासारखा आहे. बारा महिन्यांनंतर उत्पादन वापरणाऱ्यांपैकी ७० टक्के व्यक्तींमध्ये सुधारणा दिसली, तर आधारद्रव्याच्या बाजूने ३३ टक्के, आणि हा फरक सार्थक (पी-मूल्य ०.०२६) असल्याचे सांगितले आहे. परंतु सारांशातील शब्दयोजना काळजीपूर्वक वाचली तर असे दिसते की हे ३३ टक्के प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. आधारद्रव्य तसेच चालू ठेवले असते तर काय झाले असते, याचा तो लेखकांनी काढलेला अंदाज आहे. समोर उभा नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झालेली ही कुस्ती आहे. अंदाज चुकीचाच असेल असे नाही. पण जो टप्पा दुहेरी अंध नव्हता आणि ज्यात नियंत्रणाचा गट प्रत्यक्षात उरला नव्हता, त्यातील आकड्याने शीर्षकातील 'दुहेरी अंध, यादृच्छिक, नियंत्रित' या विशेषणांची पत वापरावी, हे आक्षेपार्ह आहे.

एका संभाव्य प्रतिवादाचा येथे विचार केला पाहिजे. असे म्हणता येईल की, चाचणी लहान होती. गट मोठे असते तर हाच २१ टक्क्यांचा फरक सार्थक ठरला असता. हे खरे आहे. पुरावा नसणे म्हणजे परिणाम नसल्याचा पुरावा नव्हे, हे तत्त्व स्वतः ऑल्टमन आणि ब्लँड यांनीच १९९५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधून आग्रहाने मांडले होते. पण हा प्रतिवाद मोठी चाचणी घेण्याच्या बाजूचा आहे, लहान चाचणीवरून मोठे विधान करण्याच्या बाजूचा नाही. 'फरक असावा असे वाटते, पण या साठ जणांवरून सांगता येत नाही' हे वाक्य लिहिण्यास कोणाची हरकत नव्हती. ते वाक्य दुकानात उपयोगी पडले नसते, इतकेच. या सर्वाचा दोष केवळ कंपनीच्या पैशाकडे बोट दाखवून संपवणेही प्रस्तुत लेखात टाळले आहे, कारण हीच चूक जेथे पैशाचा संबंध नाही तेथेही सर्रास होते. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

अंधत्वाचा भंग आणि सोयीचा प्रतिस्पर्धी

याच विषयातील एक जुने उदाहरण वेगळ्या दृष्टीने बोधक आहे. ट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचे औषध अमेरिकेत १९७१ पासून 'रेटिन-ए' या नावाने वापरात होते. जानेवारी १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील गटाने 'जामा' या नियतकालिकात तीस व्यक्तींवरील सोळा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. उन्हाने जून झालेली त्वचा ट्रेटिनॉइनने सुधारते, असा तिचा निष्कर्ष होता. चेहऱ्यावर औषध लावलेल्या पंधरापैकी चौदा जणांत सुधारणा दिसली. सोबतच्या संपादकीयाच्या शीर्षकात 'अखेर' या शब्दापुढे उद्गारचिन्ह होते. औषधाची मागणी एकदम वाढली.

या चाचणीत गटांची तुलना झाली होती. तिचा कमकुवतपणा दुसरीकडे होता. औषधाने ९२ टक्के रुग्णांची त्वचा लाल होऊन सोलवटली. ज्या चाचणीत कोणाला औषध मिळाले हे कोणालाही कळू नये असा संकेत आहे, तीत औषध लावलेला हात आणि न लावलेला हात उघड्या डोळ्यांनी ओळखता येत असेल, तर 'दुहेरी अंध' हे विशेषण नावापुरतेच उरते. शिवाय किंचित सूज आलेल्या त्वचेवर बारीक सुरकुत्या तशाही कमी दिसतात. औषधाचा उपयोग नव्हता असे नाही. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो मर्यादित प्रमाणात दिसला आणि 'रेनोव्हा' या नावाने कमी तीव्रतेच्या मलमास अमेरिकी औषध-प्रशासनाने मान्यताही दिली. पण त्या मान्यतेची भाषा पाहण्यासारखी आहे : बारीक सुरकुत्या सौम्य करण्यासाठी, पूरक उपाय म्हणून, उन्हापासून बचाव आणि नित्याची निगा यांनी काम भागत नसेल तर. १९८८ मधील उद्गारचिन्ह आणि हे वाक्य एकाच रसायनाविषयी आहेत. दरम्यान, सुरकुत्यांसाठी या औषधाची मान्यतेपूर्वी जाहिरात केल्याबद्दल चौकशी सुरू असता कागदपत्रे नष्ट केल्याचा गुन्हा ऑर्थो फार्मास्युटिकल या कंपनीने १९९५ मध्ये न्यायालयात कबूल केला.

प्रतिस्पर्धी कोण निवडायचा, यातही फिरकी असते. इसबावरील टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस ही नवी, महाग मलमे बाजारात आली तेव्हा त्यांच्या अनेक चाचण्या आधारद्रव्याशी तुलना करणाऱ्या होत्या. त्यांतून उत्तर 'उपयोगी' असे आले, आणि ते बरोबरही होते. परंतु इसबाच्या रुग्णापुढे 'नवे मलम की काहीच नाही' असा प्रश्न क्वचितच असतो. 'नवे मलम की नेहमीचे स्टेरॉइडचे मलम' असा तो असतो. २००५ मध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २५ चाचण्यांतील ६,८९७ रुग्णांची माहिती एकत्र करून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडली, तेव्हा पिमेक्रोलिमस हे बीटामेथासोन व्हॅलरेट या जुन्या, स्वस्त मलमाहून कमी प्रभावी असल्याचे दिसून आले. नव्या औषधांना चेहरा व पापण्यांसारख्या नाजूक जागी स्थान आहे, हे मान्यच आहे. मुद्दा असा की, एकेक चाचणी वाचणाऱ्या वैद्याला हे चित्र दिसत नव्हते.

मापनपट्ट्यांच्या सुळसुळाटाविषयी थोडक्यातच लिहितो. इसबाची तीव्रता ० ते ७२, ० ते १०३, ० ते २८ अशा निरनिराळ्या पट्ट्यांवर मोजली जाते, आणि चार पट्ट्यांनी मोजून त्यांपैकी अनुकूल आलेली सारांशात पुढे आणणे अवघड नसते. 'होम' या आंतरराष्ट्रीय गटाने इसबाच्या सर्व चाचण्यांत काही मोजक्या पट्ट्या समान असाव्यात असा जो प्रयत्न केला, त्याचे मोल यातच आहे.

सारांश वाचणारे वाचक

ही उदाहरणे अपवादात्मक आहेत काय? फ्रान्समधील इझाबेल बूत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'जामा'त प्रसिद्ध केलेला अभ्यास या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यांनी डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून अशा ७२ निवडल्या, ज्यांत मुख्य मापनाच्या बाबतीत गटांतील फरक स्पष्टपणे असार्थक होता. म्हणजे प्रामाणिक निष्कर्ष 'फरक आढळला नाही' असाच हवा होता. तरीही १३ निबंधांच्या शीर्षकात फिरकी होती, आणि ४२ निबंधांच्या, म्हणजे ५८.३ टक्के निबंधांच्या सारांशातील निष्कर्षात ती होती. हे सर्व विषयांतील निबंध होते, केवळ त्वचेचे नव्हेत.

सारांशातील फिरकीला महत्त्व देण्याचे कारण उघड आहे. बहुतेक जण सारांशच वाचतात. पूर्ण निबंध अनेकदा पैसे भरल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळाला तरी दवाखान्यात बसलेल्या वैद्याला वेळ नसतो. आता, जाणकार वैद्य शब्दांना फसत नाही, असा एक समज आहे. बूत्रों यांनी तोही तपासला. कर्करोगाच्या चाचण्यांचे ३० सारांश घेऊन त्यांच्या दोन आवृत्त्या केल्या, एक फिरकीसह आणि एक फिरकी काढून टाकलेली. आकडे दोन्हींत तेच. ३०० वैद्यांना चिठ्ठ्या टाकून यांपैकी एकेक वाचावयास दिली आणि उपचार कितपत लाभदायक वाटतो ते ० ते १० या पट्टीवर विचारले. फिरकीची आवृत्ती वाचणाऱ्यांनी उपचाराला सरासरी ०.७१ गुण अधिक दिले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फरक लहान आहे, पण तो निव्वळ वाक्यरचनेने घडवलेला आहे आणि वाचणारे प्रशिक्षित होते.

सारांशाकडून प्रसिद्धिपत्रकाकडे, तेथून इंग्रजी वृत्तसंस्थेकडे आणि तेथून मराठी दैनिकाच्या आरोग्य-पुरवणीकडे हा प्रवास होताना आणखी एक गोष्ट घडते. इंग्रजीतील 'सिग्निफिकंट' या शब्दाला शास्त्रीय आणि व्यावहारिक असे दोन अर्थ आहेत. मराठीत तो 'लक्षणीय' होऊन येतो आणि शास्त्रीय अर्थ वाटेतच गळून पडतो. 'लक्षणीय सुधारणा' म्हणजे लक्षात येण्याजोगी, मोठी सुधारणा, असाच मराठी वाचक घेणार. त्याचा दोष नाही. पुढे 'संशोधनातून सिद्ध झाले आहे' हे पालुपद येते. संख्याशास्त्रात काही सिद्ध होत नसते, शंका कमी-अधिक होत असते; पण 'शंका काहीशी कमी झाली आहे' असा मथळा प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात आलेला नाही. ज्या समाजात मुलीच्या वर्णाची चर्चा लग्नाच्या बैठकीत होते, तेथे चेहऱ्याच्या मलमाविषयीचे एक सैल क्रियापद किती घरांतील किराणा-खर्चात जाऊन बसत असेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता वर सोडून दिलेल्या मुद्द्याकडे वळू. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण या विषयांतील आपल्याकडील प्रबंधिका आणि महाविद्यालयीन नियतकालिकांतील निबंध चाळले असता 'पूर्वचाचणी–उत्तरचाचणी' ही रचना वारंवार भेटते. एका तुकडीला नव्या पद्धतीने शिकवले, दुसरीला पारंपरिक पद्धतीने. प्रायोगिक गटाचे टी-मूल्य सार्थक आले, नियंत्रित गटाचे आले नाही. सबब परिकल्पना स्वीकारण्यात येते. मँचेस्टरच्या निबंधात आणि या निबंधांत तर्कदृष्ट्या तिळमात्र अंतर नाही. येथे कोणा कंपनीचा पैसा नाही, समभागांचे भाव नाहीत. आहे ती केवळ 'काहीतरी निष्पन्न झाले' असे दाखवण्याची निकड आणि परीक्षकाने तक्ता न वाचता निष्कर्ष वाचण्याची सवय. परदेशी त्वचाविज्ञानावर टीका करताना आपल्या विभागातील कपाटाचे दार उघडेच ठेवलेले बरे.

फिरकीविना लिहिलेले निबंध

असे लेखन टाळता येत नाही, असे मात्र नाही. इंग्लंड आणि वेल्समधील 'बाथ' या चाचणीत इसब असलेल्या १ ते ११ वर्षे वयाच्या ४८३ मुलांना समाविष्ट करून, आंघोळीच्या पाण्यात टाकण्याच्या स्निग्ध द्रव्याचा उपयोग होतो का हे पाहण्यात आले. ही द्रव्ये तेथे वर्षानुवर्षे सरकारी खर्चाने दिली जात होती. ० ते २८ या पट्टीवर सोळा आठवड्यांतील सरासरी एका गटात ७.५ आणि दुसऱ्यात ८.४ अशी आली; इतर बाबी जमेस धरल्यावर फरक ०.४१ उरला. रुग्णाला जाणवेल असा किमान फरक ३ गुणांचा मानला जातो. २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाच्या निष्कर्षात, नेहमीच्या उपचारात या द्रव्यांची भर घालून लाभ होत असल्याचा पुरावा आढळला नाही, असे सरळ म्हटले आहे. दोन्ही गटांची सुरुवातीशी तुलना करून 'द्रव्य वापरणाऱ्या मुलांचा त्रास कसा बदलला' याची गोष्ट रंगवण्यास तेथेही जागा होती. लेखकांनी ती वापरली नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात संशोधकांनी स्वतःच्याच आशादायक निष्कर्षाची परीक्षा घेतली. इसबाचा कौटुंबिक इतिहास असलेल्या नवजात अर्भकांना जन्मापासून रोज स्निग्ध मलम लावल्यास इसब टाळता येईल, अशी एक कल्पना होती. २०१४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधील १२४ अर्भकांवरील लहान चाचणीत सहा महिन्यांपर्यंत इसब होण्याचे प्रमाण मलम न लावलेल्या गटात ४३ टक्के आणि लावलेल्या गटात २२ टक्के आढळले. धोका निम्म्याने कमी! निबंधाच्या सारांशात ही पद्धत सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे म्हटले होते, आणि मोठ्या चाचण्यांतून खातरजमा व्हावी अशी पुस्तीही जोडली होती. त्या पुस्तीप्रमाणे पुढे 'बीप' ही १,३९४ अर्भकांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दोन वर्षांच्या वयाला इसब असलेल्या मुलांचे प्रमाण मलम लावलेल्या गटात २३ टक्के आणि न लावलेल्या गटात २५ टक्के होते. शिवाय मलम लावलेल्या गटात त्वचेच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण अधिक होते. दोन्ही चाचण्यांतील वयाची मर्यादा सारखी नाही, हे खरे. तरी १२४ अर्भकांवर थांबून शीर्षक मोठे करण्याचा सोपा मार्ग खुला असताना, त्याच विचाराच्या पुरस्कर्त्यांनी तो मोठ्या संख्येवर पारखला आणि उलट आलेले उत्तर पहिल्याच परिच्छेदात छापले.

या दोन्ही चाचण्यांची नोंदणी आधी झालेली होती. कोणते मापन मुख्य हे आकडे हाती येण्यापूर्वीच जाहीर होते. भारतातही 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध-चाचण्यांची पूर्वनोंदणी सक्तीची झाली. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा सारांश एका बाजूला आणि त्याच चाचणीची नोंद दुसऱ्या बाजूला ठेवून, जाहीर केलेले मुख्य मापन आणि निष्कर्षात पुढे आणलेले मापन एकच आहे का, आणि तुलना गटागटांत आहे की सुरुवातीशी, एवढे दोनच प्रश्न विचारणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका सत्राचे काम आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. भारतीय त्वचोपचार-चाचण्यांपुरते हे काम मराठीतून हाती घेण्यास संख्याशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि भाषा या तिन्ही विभागांतील विद्यार्थ्यांना एकत्र बसवावे लागेल.